रिकामं बाजलं

“...तेव्हा त्याला काढून टाकू की राहू देऊ, एवढं एकच सांगा बुवा.”

सुरेंद्रनं विचारलं आणि कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली. तान्हं मूल सांभाळावं तशी तो ती पिशवी सांभाळतो.

बुवा बाजल्यावर बसले होते. अंगावर घोंगडी होती. बाहेर चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, कोयनेत गुडघाभर पाणी उरलं नव्हतं, आणि हे घोंगडी पांघरून.

“कुणाला काढायचं?” बुवांनी विचारलं.

“दिगूला. मघापासून तेच तर सांगतोय.”

“मघाशी माझा डोळा लागला हुता रं.”

बुवा खोटं बोलत नाहीत. खरंच डोळा लागला होता. त्या आठवड्यात त्यांचा डोळा असाच लागायचा, बसल्या जागी, बोलता बोलता. मला कारण ठाऊक होतं. पण कुणाला सांगायचं नाही अशी मला तंबी होती. मी आपला शेंगा फोडत बसलो.

मी मठातच राहतो. झाडलोट करतो, चूल बघतो, आल्यागेल्याला ताक देतो. दुसऱ्यांचं ऐकू नये हे मलाही कळतं, पण ओसरी एवढीशी आहे. ऐकू येतं त्याला कोण काय करणार?

सुरेंद्र कराडला तंत्रनिकेतनात शिकवतो. मठात पहिल्यांदा आला तो काही देवाच्या ओढीनं नव्हे. बुवांच्या सुरकुत्यांच्या ओढीनं आला. ‘सुरकुत्या’ असा त्याच्या दोस्तांच्या फोटोंचा त्या आठवड्याचा विषय होता म्हणे. अर्धी दुपार तो बुवांच्या तोंडाभोवती माशीसारखा घोंगावला. शेवटी बुवा म्हणाले, “झाल्या का समद्या गोळा? आता बस. ताक पी.”

तेव्हापासून येतोय. चांगला माणूस आहे. फक्त येतो तो डोळे मिटून, आणि कॅमेरा उघडून.

“पयल्यापासनं सांग,” बुवा म्हणाले. “पर हळू सांग.”

सुरेंद्रनं उसासा टाकला. शिकवणाऱ्या माणसाला एकच धडा दोनदा शिकवायचं काही वाटू नये. पण त्या दिवशी तोही दमलेला दिसत होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“आम्ही पाच जण, बुवा. कॉलेजातले दोस्त. आता पांगलो. फिरोज नाशकात, माधवी पुण्यात, बसवराज सोलापुरात, मी इथं. आणि दिगू त्याच्या गावी, पेठ नाक्याच्या अलीकडं.”

“जवळच हाय म्हण की.”

“हो, जवळच. तासाभराच्या आतच.”

“मग?”

“आमचा फोनवर एक ग्रुप आहे. दर सोमवारी एकानं विषय द्यायचा. पाळीपाळीनं. शनिवारी दिवस मावळायच्या आत प्रत्येकानं त्या विषयावर एक फोटो टाकायचा. रविवारी विषय देणाऱ्यानं त्यातला सगळ्यात चांगला निवडायचा. बस. एवढंच.”

“आणि बोलता कवा?”

“बोलायचं नाही. हाच तर मुख्य नियम.”

हे सांगताना तो जरा ताठ बसला. नियम त्याचाच होता.

“आधी काय व्हायचं, बुवा, रोज सकाळी शुभ सकाळ. मग कुणाचा वाढदिवस. मग कुणाच्या साडूचे वडील गेले, की लगेच चार जणांचे हात जोडलेले. त्या गदारोळात फोटो बुडून जायचे. मी म्हटलं, इथं फक्त फोटो. आनंद झाला तर फोटोतून सांगा, दुःख झालं तर फोटोतून सांगा. सगळ्यांना पटलं. तेव्हापासून ग्रुप कसा आरशासारखा स्वच्छ आहे.”

“आरशासारखा,” बुवा म्हणाले.



“आणि दुसरा नियम. लागोपाठ तीन आठवडे ज्याचा फोटो नाही, तो बाहेर. दिगूचा संक्रांतीपासून एक फोटो नाही.”

“आजारी असंल.”

“आजारी कसला? पाळी आली की विषय बरोबर देतो. बाकीचे म्हणतात, राहू दे, जुना दोस्त आहे. म्हणून मी इतके दिवस दातओठ खात गप्प बसलो. पण या आठवड्यात त्यानं कहर केला.”

“काय केलं?”

“विषय दिला, ‘रिकामं बाजलं’. बाजलं म्हणजे दोरीनं विणलेली खाट, बुवा...”

बुवांनी खाली बघितलं. स्वतः बसले होते त्या बाजल्याच्या दोरीवरून बोट फिरवलं.

“असं व्हय,” ते म्हणाले.

मला हसू आलं. सुरेंद्रला नाही आलं.

“विषय चांगलाच होता, नाही म्हणत नाही मी. सगळ्यांनी जीव तोडून फोटो काढले. नाशकात बाजलं कुठं मिळणार? फिरोज कुठल्याशा वाडीवर जाऊन आला. माधवीनं भंगारवाल्याकडचं शोधलं. आणि रविवारी, म्हणजे आज सकाळी, निवाडा काय द्यावा या गृहस्थानं? लिहितो, ‘सगळ्यांची बाजली छान आहेत.’”

बुवा थांबून होते.

“एवढंच! हा काय निवाडा झाला? एक निवडायचं असतं. आणि स्वतःचा फोटो? नाहीच. दुसऱ्यांना पळवायचं आणि आपण बांधावर बसून बघायचं. ही थट्टा झाली, बुवा. मी माझ्या फोटोसाठी किती मरमर केली ते मलाच माहीत.”

“दाव.”

सुरेंद्रनं फोन पुढं केला. बुवांनी तो हातभर लांब धरला. हात थरथरत होता. सुरेंद्रनं पुढं होऊन बुवांचं मनगट नव्हे, फोन धरला. पडला असता तर काच फुटली असती.

मीही मान वाकडी करून बघितलं. खोटं कशाला बोलू, फोटो देखणा होता. बाभळीखाली एक बाजलं. मावळतीचं ऊन दोऱ्यांतून गाळून जमिनीवर सांडलेलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

“कुणाचं हे?”

“कुणाचं का असेना. हायवेवरच्या ढाब्याचं आहे. कोल्हापूरच्या बाजूला. तीन संध्याकाळी जात होतो तिथं. पहिल्या दिवशी ढग आले, दुसऱ्या दिवशी त्यावर कांद्याची पोती. तिसऱ्या दिवशी एक ट्रकवाला झोपलेला.”

“मग?”

“उठवला त्याला. कुरकुरला. म्हणाला, रात्रभर गाडी चालवून आलोय. मी म्हटलं, बाबा, दहा मिनिटं. चहा पाजला, बाकड्यावर बसवला, त्याची उशी बाजूला केली आणि काढला.”

“म्हंजे रिकामं न्हवतं.”

“काय?”

“बाजलं. रिकामं न्हवतं. तू केलंस.”

सुरेंद्र क्षणभर गोंधळला. मग त्यानं मान हलवली. “तसं करावंच लागतं, बुवा. चौकट साफ करावीच लागते.”

“वाटंत दिगूचं गाव लागलं असंल.”

“लागलं की. कमानीवरूनच गेलो, तिन्ही दिवस.”

“आत गेला न्हाईस?”

“गेलो असतो तर उजेड गेला असता.” तो हसला. “उजेड कुणासाठी थांबत नाही, बुवा. त्या वेळात मी कुणाचा फोन आला तरी दोन शब्दांत ठेवून देतो.”

...

नदीवर कुणीतरी म्हैस धूत होतं. तिचा हंबरडा वर आला आणि विरला.

बुवांनी डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा लागला डोळा. पण त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “लई जीव हुता का तुमचा? तुझा नि दिगूचा?”

“होता म्हणजे? आहे.” सुरेंद्रला राग आला. “हॉस्टेलचं जेवण कसलं, तुम्हाला सांगू! शनिवार आला की मी दिगूच्या गावी पळायचो. त्याची आई, आक्का म्हणायचो आम्ही, ती भाकरी नि वांग्याचं भरीत करायची. जाताना धपाटी बांधून द्यायची. मला सुऱ्या म्हणायची. माझ्या आईनंही कधी अशी हाक मारली नाही.”

“मग अशा दोस्ताला काढाय निघालास?”

“नियम आहे, बुवा. मीच केला आणि मीच मोडू?”

“मोड की. तुझाच हाय.”

सुरेंद्र पिशवीची चेन नुसती उघडत, लावत राहिला. मग एकदम त्याचा आवाज खाली आला. पोरांना शिकवायचा आवाज गेला आणि आतला आला.

“खरं सांगू? मी दमलोय, बुवा.”

“हं.”

“कित्येक वर्षं झाली, एक आठवडा चुकवला नाही. भाचीच्या लग्नात विषय होता ‘एकटेपणा’. अक्षता पडत होत्या आणि मी मांडवामागं एकटी चप्पल शोधत होतो. बहीण अजून नीट बोलत नाही. सोमवार आला की झोप उडते. रस्त्यानं चाललो की रस्ता दिसत नाही, विषय दिसतो. बायको समोर बसून काही सांगत असते, आणि मी तिच्या मागच्या भिंतीवरचा कवडसा बघत असतो. तिनं काय सांगितलं, विचारू नका.”

“मग सोड.”

“कसं सोडू? मी सोडलं तर दुसऱ्या दिवशी सगळं बंद. बाकी काय उरलंय आमच्यात? ना भेट, ना फोन. तेवढ्या एका धाग्यावर पाच माणसं आहेत.”

“आणि त्यातलाच एक तू तोडाय आलायस. माझ्या हातात कात्री देऊन.”

...

सुरेंद्र खाली बघत राहिला. पण हट्टी माणूस. म्हणाला, “त्यानं एक फोटो टाकावा. एकच. कसलाही. मी गप्प बसेन.”

बुवांनी पाय खाली सोडले.

बाजल्याच्या कडेला धरून ते उठले. मी सूप बाजूला ठेवून उठायला लागलो, तर त्यांनी हातानंच मला बस म्हटलं. घोंगडी खांद्यावरून घसरली, अर्धी बाजल्यावर पडली, अर्धी लोंबत राहिली. ते दोन पावलं चालले आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. मग आडवेच झाले. नुसत्या फरशीवर.

“काढ,” ते म्हणाले.

“काय काढू?”

“रिकामं बाजलं. दिगूनं निवडलं न्हाई न्हवं? मी निवडतो.”

सुरेंद्रचा चेहरा उजळला. काय सांगू, त्याचा चेहरा खरंच उजळला. पिशवीची चेन सरकन उघडली. कॅमेरा बाहेर आला. दमलेला माणूस कुठं गेला कोण जाणे. एक गुडघा टेकून, मग दोन्ही टेकून, मग दाराशी जाऊन तो बघायला लागला.

“वा,” तो स्वतःशीच म्हणाला. “काय उजेड येतोय.”

बुवा पडून होते.

“आप्पा, ते शेंगांचं पोतं जरा मागं घ्या.”

मी घेतलं.

“बुवा, पाय थोडे आत घ्याल? चौकटीत येताहेत.”

बुवांनी पाय पोटाशी घेतले.

मी फोडत होतो ती शेंग तशीच हातात राहिली. बुवांचं अंग हलत होतं. चैत्राच्या दुपारी, फरशीवर, बारीक बारीक हलत होतं. मी उठलो, बाजल्यावरची घोंगडी उचलायला हात घातला.

“नको, नको, आप्पा!” सुरेंद्र ओरडला. “ती तशीच लोंबू दे. तिचा पोत काय सुरेख उतरलाय!”

मला वाटलं, शेजारचं सूप घ्यावं आणि याच्या डोक्यात घालावं. घातलंही असतं. पण बुवांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको. मी पुन्हा बसलो. जन्मात एवढं अवघड बसणं मी बसलो नव्हतो.

चार-दोनदा खटखट झालं. सुरेंद्र उठला. गुडघ्यांवरची धूळ झटकली.

“झालं?” बुवांनी विचारलं. दातावर दात वाजत होते, त्यामुळं शब्द तुटून आला.

“झालं. बघता?”

“तूच बघ. आणि मला सांग काय दिसतंय ते.”

सुरेंद्रनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. बराच वेळ बघितलं. खूश होता.

“दाराकडून तिरका उजेड आलाय. दोऱ्या मधे खोल गेल्यात, तिथं सावली धरलीय. घोंगडी एका बाजूनं लोंबतेय. असं वाटतं, आत्ता इथून कुणीतरी उठून गेलंय.”

“कोण उठून गेलं?”

“कोण म्हणजे?” तो हसला. “तुम्हीच की.”

“का?”

“तुम्ही म्हणालात... फोटोसाठी...”

“आणि घोंगडी कशाला हुती?”

...

सुरेंद्रनं दारातून बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. मग घोंगडीकडं. मग पुन्हा उन्हाकडं.

“बस त्यावर,” बुवा म्हणाले.

“तुमच्या बाजल्यावर? मी कसा बसू, बुवा...”

“बस म्हनतो न्हवं.”

तो कडेला टेकला. गुरूच्या जागी बसायचं म्हणून अंग चोरून, अवघडून. आधारासाठी त्यानं हात मागं टेकला, जिथं बुवा बसले होते तिथं. आणि हात झटकन उचलला.

पुन्हा टेकवून बघितला.

“इथं ऊन येतं का, आप्पा?”

“त्या कोपऱ्यात?” मी म्हणालो. “बारा महिन्यांत कधी येत नाही.”

तो उठला. कॅमेरा बाजल्यावर तसाच टाकून दिला. मी त्याला कॅमेरा कुठं टाकताना पहिल्यांदाच बघत होतो. खाली बसून त्यानं बुवांच्या कपाळाला हात लावला.

“बुवा! अंग भाजतंय तुमचं!”

त्यानं माझ्याकडं मान वळवली.

“आप्पा, कधीपासून आहे हे?”

“सोमवारपासून,” मी म्हणालो. “तुमचा विषय सुटतो ना, त्या दिवसापासून.”

“मग मला सांगायचं नाही का? मी मघापासून इथं...”

“मघापासून तुम्ही इथं होता,” मी म्हणालो. “तेच म्हणतो मी.”

“आप्पा,” बुवांनी मला दटावलं. मी गप्प झालो. पण मला बोलून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आम्ही दोघांनी बुवांना उचललं. हलके झाले होते. बाजल्यावर निजवलं. सुरेंद्रनं घोंगडी घातली, चारी बाजूंनी खोचली, पायांखाली दुमडली. पायांशी त्याचे हात जरा थांबले. याच पायांना त्यानं आत घ्यायला सांगितलं होतं.

मी काढा गरम करून आणला. त्यानं माझ्या हातातून वाटी घेतली आणि स्वतः पाजला. बराचसा सांडला.

...

मग तो बाजल्याच्या पायथ्याशी खाली बसून राहिला.

“आक्काचं बाजलं,” तो म्हणाला.

मी बघितलं. तो माझ्याशी बोलत नव्हता.

“दिगूच्या घरी पुढच्या सोप्यात आक्काचं बाजलं असायचं. दाराजवळच. आम्ही गेलो की बाकीचे घोंगड्यावर बसायचे. मला मात्र ती पायाशी सरकून जागा करून द्यायची. म्हणायची, ‘बस सुऱ्या, वर बस, भुई गार हाय.’”

बुवांनी डोळे उघडले.

“मी तीन दिवस बाजलं शोधत फिरलो,” सुरेंद्र म्हणाला. “कोल्हापूरच्या वाटेपर्यंत. ते एक आठवलं नाही.”

त्यानं खिशातून फोन काढला. ग्रुप उघडला नाही. नंबर लावला. पलीकडं घंटी वाजत राहिली, आम्हाला दोघांनाही ऐकू येत होती.

“दिगू...”

आणि पुढचं त्याला बोलता येईना. पुन्हा म्हणाला, “दिगू... बाजलं कुणाचं रे?”

पलीकडून बोलणं आलं. आम्हाला शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. सपाट आवाज होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा. सुरेंद्र ऐकत होता. मधेच एकदा त्यानं भिंतीला हात लावला. एकदा म्हणाला, “का नाही सांगितलंस?” मग कितीतरी वेळ नुसतं ऐकलं. शेवटी “हो” म्हणाला. “हो, हो.” आणि फोन खाली ठेवला.



“आक्का गेली,” तो म्हणाला. “संक्रांतीच्या आदल्या दिवशी.”

...

“त्यानं फोन केला होता मला. त्याच दिवशी, संध्याकाळी. मी उचललाही होता. ‘दिगू, उजेड जातोय, मग करतो’ म्हणालो आणि ठेवला.”

“मग?” हे मी विचारलं. विचारायला नको होतं.

“मग केला नाही. विसरलो.”

त्याचे डोळे भरले होते. त्यानं पुसले नाहीत.

“मी म्हटलं, ग्रुपवर तरी सांगायचंस. तर म्हणाला, ग्रुपवर फक्त फोटो टाकायचे असं ठरलंय ना आपलं. टोमणा नव्हता त्यात, बुवा. टोमणा असता तर बरं झालं असतं. खरंच म्हणाला. नियम पाळला त्यानं. आम्हा पाच जणांत नियम पाळणारा तो एकटा निघाला.”

बुवांनी कूस त्याच्याकडं वळवली.

“ते बाजलं अजून तिथंच आहे म्हणे. सोप्यात, दाराशी. कुणी त्यावर बसत नाही. उचलून भिंतीला उभंही करवत नाही कुणाला. पोरं वळसा घालून जातात. तो रोज फोन हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो, आणि बोट पुढं जात नाही. म्हणून फोटो नाही. म्हणाला, विषय दिला तो एवढ्यासाठी... तुमच्यातल्या कुणाचं तरी बघून मला जमेल असं वाटलं होतं.”

“आणि?”

“‘सगळ्यांची बाजली छान आहेत.’”

तेच शब्द मघाशी त्यानं चिडून म्हटले होते.

मी उठून पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला. मघाशी याच्या डोक्यात सूप घालायला निघालो होतो मी. आता मला त्याची कीव आली. दोन्ही खरं आहे.

तो पाणी प्याला. तोंडावर मारलं. उठला. उन्हं कलायला लागली होती. नदीच्या वरच्या अंगाला झाडांच्या शेंड्यांवर पिवळा उजेड चढत होता. एरवी या वेळी तो कॅमेरा घेऊन घाटावर पळालेला असतो. त्या दिवशी त्यानं तिकडं मान वळवली, आणि परत आत घेतली.

“आप्पा, डॉक्टरांना मी आत्ताच पाठवतो,” तो म्हणाला. “रात्री फोन करतो. मी करीन, विसरणार नाही.”

“बरं,” मी म्हणालो.

कॅमेऱ्याची पिशवी त्यानं उचलली, गाडीच्या किल्ल्या शोधल्या, त्या हातातच होत्या. उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पुढं पाय टाकेना.

“बुवा,” तो म्हणाला, “मला भीती वाटतेय.”

“कशाची?”

“इतके दिवस होऊन गेले. आता कुठल्या तोंडानं जाऊ? तो दारात उभा राहील, त्याची बायको असेल, पोरं असतील... मी तिथं जाऊन बोलू काय?”

बुवांनी घोंगडीतून हात बाहेर काढला. पायाशी, दोऱ्यांवर, जरा जागा होती. तिथं तो हात ठेवला.

“बाजल्यावर बस.”